न ऐकलेला सातवा

“जागेवर स्वतः उभं राहिल्याशिवाय नकाशावर सही करायची नाही. मग समोर मंत्री असो, नाहीतर तुझा सासरा.”

मोजणीसाहेबांना त्यांच्या पहिल्या वरिष्ठांनी नोकरीच्या पहिल्याच दिवशी दिलेली ही ताकीद. वरिष्ठ यथावकाश निवृत्त झाले, पण त्यांचा आवाज काही साहेबांच्या कानातून निवृत्त झाला नाही. भूमापन कार्यालयात साहेबांची बत्तीस वर्षं झाली होती आणि एवढ्या वर्षांत न पाहिलेल्या जागेचा एकही नकाशा त्यांच्या सहीने बाहेर पडला नव्हता. गुडघाभर चिखल असो, मोकळं सोडलेलं कुत्रं असो, की कुंपणाच्या दोन अंगांना दोन सख्खे भाऊ बाह्या सरसावून उभे असोत. साहेब फीत घेऊन जाणार, प्रत्येक खुणेवर पाय ठेवणार, आणि मगच पेनाचं टोपण काढणार. घरी नवा पलंग घ्यायचा ठरला तेव्हा तो दारातून आत जाईल ना, हे त्यांनी दोनदा मोजलं होतं. पलंग आत गेला. नंतर खोलीचं दार लागेना, ही गोष्ट वेगळी.

असा हा मापात चालणारा माणूस बारा वर्षं एका नकाशावर डोळे मिटून सह्या करत होता, आणि त्या जागेवर त्याने पाऊलही ठेवलेलं नव्हतं. ती जागा म्हणजे वाटाड्याचा सातवा अल्बम.

वाटाड्या हे त्या गायकाचं खरं नाव नव्हे. पहिल्या अल्बमचं नाव ‘वाटाड्या’ होतं, ते पुढे चाहत्यांनी मालकालाच चिकटवलं. गाणी स्वतः लिहायची, चाल स्वतः लावायची, आणि लोकगीताच्या साध्या ठेक्यात, मांडीवर वाद्य घेऊन एकट्यानेच म्हणायची, असा त्याचा बाणा. मोठं नाव कधी झालं नाही. पण ज्यांना तो लागला त्यांना असा लागला की विचारू नका. अठरा वर्षांत त्याने सहा अल्बम काढले. मग सातवा काढला, ‘अर्धा पेला’, आणि वेष्टनाच्या मागे बारीक अक्षरांत छापून टाकलं की हा शेवटचा.

दुकानातून घरी येताना साहेबांनी ती ओळ वाचली आणि ते रस्त्यातच थांबले. काही मुलं आवडीचा घास ताटाच्या कडेला राखून ठेवतात, सगळ्यात शेवटी खायचा म्हणून. साहेब त्या पंथाचे. हा ऐकला की वाटाड्याचं ऐकायचं काही उरलंच नाही. आणि नाही ऐकला, तर एक अल्बम अजून यायचाच आहे. त्यांनी ठरवलं, आज नको, रविवारी निवांत ऐकू. रविवार आला आणि गेला. असे साडेनऊशेच्या वर रविवार गेले. अल्बम कपाटात, जुन्या नकाशांच्या गुंडाळ्यांमागे, पारदर्शक वेष्टनासकट होता तसाच.

इथवर कुणाचं काही बिघडलं नव्हतं. माणसाने काय ऐकावं आणि काय राखून ठेवावं हा ज्याच्या त्याच्या मनाचा नेम. बिघडलं ते पुढे, चाहत्यांचं मंडळ निघालं तेव्हा.

मंडळ म्हणजे तीन माणसं. एक मोजणीसाहेब. दुसऱ्या दातांच्या डॉक्टरीणबाई. त्यांच्या दवाखान्यात दर रविवारी अकराला मंडळ भरायचं. आणि तिसरे लिफ्टमामा, म्हणजे जन्मभर लिफ्टची दुरुस्ती करून आता घरी बसलेले, हाताला यंत्राची आणि कानाला वाटाड्याची सवय असलेले गृहस्थ. बारा वर्षांपूर्वी पहिल्याच बैठकीत डॉक्टरीणबाईंनी विचारलं, सातव्याबद्दल तुमचं काय मत? साहेबांना खरं सांगायची लाज वाटली. ते चहाचा कप हातात धरून खिडकीबाहेर पाहत राहिले आणि म्हणाले, “त्याबद्दल मी आज बोलणार नाही.”

 नंतर डॉक्टरीणबाई म्हणाल्या की त्या अल्बमचा इतका मान राखलेला त्यांनी कधी पाहिला नव्हता.

झालं. त्या दिवसापासून साहेब सातव्याचे जाणकार ठरले. आणि जाणकारी अशी चीज आहे की एकदा दाराशी आली की तिला चहा विचारावाच लागतो. इतर दोघं सातव्यावर भांडत, त्यातली वाक्यं साहेब ध्यानात ठेवत आणि दोन महिन्यांनी, थोडी वळवून, त्यांनाच परत देत. शिवाय वेष्टनावर प्रत्येक गाण्याची लांबी छापलेली होती, आणि मापात तर साहेबांचा हात कोण धरणार? एकदा ते सहज बोलून गेले की तिसरं गाणं चार मिनिटं अठ्ठेचाळीस सेकंदांचं आहे, आणि जे काही आहे ते त्या शेवटच्या अठ्ठेचाळीस सेकंदांत आहे. लिफ्टमामांनी घरी जाऊन ते अठ्ठेचाळीस सेकंद पन्नास वेळा ऐकले. पुढच्या रविवारी डोळे पुसत आले आणि म्हणाले, साहेब, आहे हो, सगळं तिथेच आहे.

साहेबांना रात्रभर झोप लागली नाही. पण सकाळी उठल्यावर जरा बरंही वाटलं, हे सांगितलं पाहिजे.

असंच चाललं असतं. पण एका रविवारी डॉक्टरीणबाई म्हणाल्या की आपण आपसांत किती दिवस बोलायचं, आपण पॉडकास्ट काढू. सात अल्बम, सात भाग. लिफ्टमामांनी तिथल्या तिथे सांगितलं की माइकचा खांब ते लिफ्टच्या जुन्या दांड्याचा बनवतील. साहेबांनी फक्त मान हलवली. सातवा भाग अजून फार लांब होता, आणि आपल्याकडे हाती घेतलेली किती कामं सातव्यापर्यंत पोचतात, या अनुभवावर त्यांचा भरवसा होता.

बातमी साहेबांच्या इमारतीत फुटली. तळमजल्यावर एक वकील राहत. न विचारता सल्ला देणं हा त्यांचा धर्म. त्यांनी साहेबांना जिन्यात गाठून सांगितलं, की दुसऱ्याच्या गाण्याची एक ओळ जरी वाजवली तरी खटला होतो. आणि गुणगुणलात, तर ते गाणं ओळखू आलं की नाही यावर खटला होतो. तेव्हा आधी परवानगी. परवानगीच्या कचेरीत साहेब स्वतः गेले, कारण कचेऱ्यांची भाषा त्यांना येत होती. खिडकीमागच्या बाईंनी पाच पानी अर्ज दिला आणि सांगितलं की त्यासोबत, ज्या कार्यक्रमात गाणी वाजवणार त्या तयार कार्यक्रमाची प्रत जोडायची, गाण्यांसकट. साहेबांनी विचारलं, गाणी परवानगीशिवाय वाजवायची नाहीत ना? बाई म्हणाल्या, अजिबात नाही. मग प्रत कशी जोडायची? बाईंनी त्यांच्याकडे मायेने पाहिलं आणि म्हणाल्या, “हे तुम्ही पहिलेच विचारलंत. बाकीचे अर्ज घेऊन जातात ते परतच येत नाहीत.”

तेव्हा गाण्यांवरचा, पण गाणं नसलेला कार्यक्रम करायचं ठरलं. साहेबांना हे मनापासून पटलं. सातवा वाजवायला लागणार नाही, एवढा एक काटा निघाला.

ध्वनिमुद्रणाला शांत जागा हवी, तर दवाखान्यातली एक्स-रेची खोली. भिंतीत शिसं, दार जाडजूड, आत माशी शिंकली तर बाहेर कळणार नाही. खोली सहा फूट दोन इंच बाय पाच फूट, हे साहेबांनी मोजून सांगितलं. त्यात तीन माणसं, एक खुर्ची, एक यंत्र आणि लिफ्टचा दांडा. बाहेरचा लाल दिवा आयताच कामाला आला. रविवारी औषध न्यायला आलेली माणसं तो दीड-दीड तास जळताना पाहून एकमेकांना हळूच विचारत, की एवढा वेळ एक्स-रे चाललाय म्हणजे आत कुणाचं काय झालंय.

पहिल्या भागात पहिल्या अल्बमच्या पहिल्या गाण्यातली विहीर कोरडी आहे की नुसतीच खोल, यावर चाळीस मिनिटं वाद झाला. श्रोते अकरा. त्यांपैकी तिघं हेच, चौथी लिफ्टमामांची सून, पाचवे तळमजल्याचे वकील, तेही पुढेमागे पुरावा लागेल म्हणून. दुसऱ्या भागात पहिल्या भागातल्या चुका दुरुस्त केल्या. तिसऱ्यात ती दुरुस्ती मागे घेतली. तरी पाचव्या भागापर्यंत ऐकणारे चारशेवर गेले. लोकांना बहुधा भांडण आवडत होतं. आणि प्रत्येक भागाच्या शेवटी डॉक्टरीणबाई आवाज खाली आणून म्हणायच्या, की सातव्या अल्बमवर मात्र आम्ही दोघं गप्प बसणार आहोत. त्यावर फक्त मोजणीसाहेब बोलतील.

सहावा भाग झाला त्या दिवशी साहेब घरी आले आणि न जेवता पडून राहिले. बायकोने कपाळाला हात लावून पाहिला. ताप नव्हता.

“मग ऐकून टाका ना,” ती म्हणाली. “एक्केचाळीस मिनिटांचं तर काम.”

साहेब ताडकन उठून बसले. तिला कसं कळलं?

“एकोणीस वर्षं त्यावरची धूळ मी पुसतेय. वेष्टन फाडलंय की नाही ते मला दिसत नाही का?” ती म्हणाली आणि वाढायला गेली.

साहेबांनी त्या आठवड्यात तीनदा अल्बम काढला. वेष्टनाच्या कोपऱ्याला नख लावलं. तीनदाही तो परत गुंडाळ्यांमागे गेला. केवळ अब्रू वाचवायला तो घास खायचा, घाईघाईने, परीक्षेच्या आदल्या दिवशी पाठ करावा तसा? ते त्यांच्याच्याने होईना. एका बाजूला बारा वर्षांची पत, दुसऱ्या बाजूला एकोणीस वर्षांची राखण, आणि मध्ये सरळ रेषा म्हणून कुठेच नाही.

शेवटी शनिवारी संध्याकाळी त्यांना एकदम युक्ती सुचली. त्यांनी डॉक्टरीणबाईंना फोन लावला आणि सांगितलं की उद्या जमणार नाही, दाढ भयंकर दुखतेय, तोंडच उघडत नाही.

बत्तीस वर्षांत हद्दीची एक खूण न चुकलेला माणूस इथे चुकला. आजारपणाचं निमित्त सांगायला माणसाकडे पोट असतं, पाठ असते, गुडघे असतात. दंतवैद्याला सांगायला साहेबांना दाढ सापडली.

“उद्या दहाला या,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “तासाभरात मोकळं करते. अकराला आपण बोलायला बसू.”

सकाळी साहेब खुर्चीवर आडवे झाले तेव्हा आदल्या दिवशी कुठली दाढ सांगितली होती हेच त्यांना आठवेना. त्यांनी खालची उजवी दाखवली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, काल तर वरची डावी म्हणालात. मग त्यांनी आरसा घातला, एकेका दाताला टिचकी मारली, आणि या दोन्ही सोडून तिसऱ्याच दाढेपाशी थांबल्या. तिथे खरोखरच कीड होती, आणि चांगली मुरलेली. कौतुकाने म्हणाल्या, “साहेब, ही तर दोन वर्षांपूर्वीच दुखायला हवी होती. सोसता फार तुम्ही.”

भुलेची सुई बसली. ओठ, जीभ आणि अर्धा गाल साहेबांचे राहिले नाहीत. तोंडात नळी, कापूस, आरसा आणि डॉक्टरीणबाईंची दोन बोटं. बाजूला लिफ्टमामा अकराच्या तयारीला लागले होते. एक्स-रेच्या खोलीत आवाज घुमतो म्हणून आज इथेच बसू, असं म्हणत त्यांनी लिफ्टचा दांडा खुर्चीपाशी आणून माइक लावला आणि चाचणी म्हणून यंत्र सुरू केलं. ड्रिलचा आवाज सुरू झाला तसे साहेबांचे हात खुर्चीच्या दांड्यावर घट्ट झाले.

डॉक्टरीणबाईंना दया आली. घाबरणाऱ्या पेशंटसाठी मी गाणी लावते, त्या म्हणाल्या. तुमच्यासाठी मात्र खास. आणि पायाने स्टूल सरकवत त्यांनी कोपऱ्यातल्या प्लेअरमध्ये एक तबकडी सारली. तबकडीच्या पेटीवर साहेबांना अक्षरं दिसली. अर्धा पेला.

साहेबांनी हात वर केला. बाई म्हणाल्या, अजून दुखतंय का, आणि आणखी एक सुई दिली. साहेबांनी दोन्ही हात वर केले. लिफ्टमामा म्हणाले, हात जोडताहेत, भावना अनावर झाल्या असतील. तबकडी आत गेली, फिरायला लागली, पडद्यावर शून्य शून्य दिसलं. आणि मग छप्पन्न वर्षांचा, सरकारी नोकरीतला, गळ्याला कागदी लाळेरं बांधलेला तो माणूस नळीसकट खुर्चीतून उडाला आणि त्याने भिंतीवरचं मुख्य बटण खाली ओढलं.

ड्रिल थांबलं, दिवा गेला, नळी थांबली, बाहेरच्या खोलीतल्या माशांच्या पेटीतले बुडबुडेसुद्धा थांबले. खिडकीतून येणाऱ्या उजेडात तिघंजण एकमेकांकडे पाहत उभे राहिले. साहेबांनी बोलायचा प्रयत्न केला, पण जीभ अजून दुसऱ्याचीच होती. त्यांनी टेबलावरचा एक्स-रेचा रिकामा लिफाफा ओढला, खिशातलं पेन काढलं आणि नकाशावर लिहितात तशा सुबक अक्षरांत दोन ओळी लिहिल्या. सवयीने खाली सही केली, तारीख घातली. लिफाफा लिफ्टमामांच्या हातात दिला.

मामांनी तो खिडकीपाशी नेऊन मोठ्याने वाचला.

“मी सातवा अल्बम ऐकलेला नाही. एकदाही नाही.”

 डॉक्टरीणबाईंनी बटण वर केलं, प्लेअर बंद केला, साहेबांना बसायची खूण केली आणि दाढ पूर्ण केली. धर्म तो धर्म. शेवटी शेवटी भूल उतरत आली होती. पण दुखतंय का, असं नेहमीसारखं त्यांनी विचारलं नाही, आणि साहेबांनी हूं केलं नाही. हातमोजे काढताना मात्र त्या म्हणाल्या, “तुम्ही ऐकला नाहीत त्याचं मला काही नाही. आम्ही बोललेलं आम्हालाच ऐकवत होतात, त्याचं वाटतं. त्या अठ्ठेचाळीस सेकंदांवरून मी माझ्या नवऱ्याशी आठ दिवस अबोला धरला होता.”

लिफ्टमामा माइक काढताना थबकले. त्यांचं यंत्र बॅटरीवर चालत होतं. दिवे गेले तरी ते चालूच होतं. ड्रिल, धडपड, लिफाफा, सगळं आत गेलं होतं. त्यांनी ते पुसायला बोट नेलं, तर साहेबांनी त्यांचा हात धरला. सुजलेल्या तोंडाने, एकेक शब्द जुळवत ते म्हणाले की चुकीचा नकाशा कचेरीतून बाहेर गेला, तर दुरुस्तीपत्रक ज्याने सही केली त्याच्याच नावाने काढावं लागतं. हाच सातवा भाग. असाच जाऊ द्या.

तो तसाच गेला, आणि काय झालं सांगू? सहा भागांत मिळून जेवढ्यांनी ऐकलं नव्हतं तेवढ्यांनी तो एका दिवसात ऐकला. या फोनवरून त्या फोनवर गेला. ज्यांना वाटाड्या कोण हे ठाऊक नव्हतं, तेही दंतवैद्याच्या खुर्चीतून उडालेल्या माणसाला ओळखू लागले. कचेरीत शिपाई सरळ चेहरा ठेवून विचारू लागला, साहेब, ही जागा पाहूनच सही ना? बसमध्ये एका अनोळखी बाईंनी दाढेची चौकशी केली. तळमजल्याच्या वकिलांनी सांगितलं की बदनामीचा दावा उत्तम उभा राहील. फक्त बदनामी तुम्ही स्वतःच केली असल्यामुळे तुम्हाला दोन वकील लागतील, एक मी.

साहेबांनी सगळं मुकाट्याने सोसलं. रविवार आले की मात्र अकरा वाजता त्यांना घरात काय करावं ते सुचेना. दोन रविवार ते गेले नाहीत. बोलावणंही आलं नाही. बायकोने एकदा भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, एकदा त्यांच्याकडे, आणि पडदे उतरवायला सांगितले. त्यांनी ते उतरवले, मोजले, परत लावले.

तिसऱ्या आठवड्यात, सोमवारी, कचेरीच्या फोनवर एका बाईंचा आवाज आला.

“ते दाढवाले तुम्हीच ना?”

साहेबांनी मोठा श्वास घेतला आणि हो म्हटलं.

“मी त्याची धाकटी बहीण. तुम्ही लोक ज्याला वाटाड्या का काय म्हणता, त्याची.”

साहेब खुर्चीवरून उभे राहिले. का उभे राहिले ते त्यांना सांगता आलं नसतं; समोर कुणीच नव्हतं. बाई आवाजाला खणखणीत होत्या, गोडवा वगैरेच्या भानगडीत पडणाऱ्या नव्हत्या. त्यांनी सांगितलं की शेजारच्या कुणीतरी तो भाग दादाच्या कानाशी धरून ऐकवला. दादाचा डावा कान गेला, उजवा अर्धा आहे. डॉक्टर म्हणतात, जे ऐकायचं ते वर्षाच्या आत ऐकून घ्या. आणि त्याने स्वतः तो सातवा कधी ऐकलेलाच नाही. गायला, घरी आला, तबकडी तशीच कपाटावर टाकली. आता म्हणतो, ऐकायचाय. पण येतो तो माणूस सांगतो, शंभर वेळा ऐकलाय, पाठ आहे.

“त्याला असा माणूस हवाय, ज्याला पुढे काय येणार ते माहीत नाही,” बाई म्हणाल्या. “म्हणतो, माझ्या कानाला जे कळणार नाही, ते त्याच्या तोंडाकडे बघून कळेल.”

साहेबांनी जवळचा कागद ओढला आणि पेनाचं टोपण काढलं.

“पत्ता लिहून घ्या. गुरुवारी चारला या. एकटे. ते रेकॉर्डिंगचं डबडं आणायचं नाही. आणि हे कुणाला सांगायचं नाही, आधीही नाही, नंतरही नाही. त्याला माणसं झेपत नाहीत आता. कबूल?”

“कबूल,” साहेब म्हणाले. आपण काय कबूल केलंय ते फोन ठेवल्यावर त्यांच्या ध्यानात यायला लागलं. जगातल्या कुठल्याही चाहत्याला मिळाली नसेल अशी बातमी, आणि ती पोटात ठेवायची. बरं, पोट ते तरी किती इंचांचं.

आणि परीक्षा पाहायचीच असेल तर ती तिथल्या तिथे येते. त्याच संध्याकाळी डॉक्टरीणबाई आणि लिफ्टमामा दोघंही घरी आले. डॉक्टरीणबाईंनी दाढ तपासायला आल्याचं सांगितलं, तपासली, आणि मग चहा घेता घेता खरं काम काढलं. राग गेला, त्या म्हणाल्या. हजारो लोक विचारताहेत की त्या साहेबांनी शेवटी सातवा ऐकला का. तर आठवा भाग करू. येत्या रविवारी साहेबांनी माइकसमोर बसायचं आणि आयुष्यात पहिल्यांदा सातवा ऐकायचा, आम्ही दोघं शेजारी. लिफ्टमामांनी दांड्याला नवा रंग दिला होता. दवाखान्यात साहेबांसाठी खुर्चीही त्यांनी आणून ठेवली होती.

साहेबांनी कपाकडे पाहिलं. गेलेली पत अशी पायरीशी येऊन उभी होती, आणि तिला आत घ्यायला एक होकार पुरे होता. नाहीतर एक वाक्य. ते वाक्य तर जिभेच्या टोकावर येऊन बसलं होतं. ते ऐकलं असतं तर डॉक्टरीणबाईंच्या हातातला कप पडला असता.

“नको,” साहेब म्हणाले. “मला नाही जमणार.”

का, म्हणून विचारलं, तर नुसतंच नको. लिफ्टमामांनी समजावलं. डॉक्टरीणबाईंनी आधी समजावलं, मग कप खाली ठेवला.

“म्हणजे अजूनही राखूनच ठेवायचाय,” त्या म्हणाल्या. “आमच्याबरोबरसुद्धा नाही.”

साहेब गप्प राहिले. बारा वर्षांपूर्वीही ते असेच कप हातात धरून गप्प बसले होते, पण त्या गप्प बसण्याने त्यांची किंमत वाढली होती. या वेळी दोघं उठले, चपला घातल्या, आणि लिफ्टमामा जाताना मागे न बघता म्हणाले, खुर्ची आहे तिथे, कधी वाटलं तर. जिन्यात त्यांची पावलं ऐकू येईनाशी होईपर्यंत साहेब दाराला धरून उभे होते.

मंगळवारी आणि बुधवारी त्यांनी आरशासमोर उभं राहून चेहऱ्याचा सराव केला. गाणं ऐकताना चेहरा कसा असावा? थोडा गंभीर, थोडा हळवा, भुवया मध्यावर. बायको मागून गेली, थांबली, म्हणाली, पुन्हा दाढ दुखतेय का? साहेबांना तेव्हा कळलं की इतकी वर्षं ते हाच एक उद्योग करत आले होते. त्यांनी आरशाकडे पाठ केली आणि तो नाद सोडून दिला.

गुरुवारी त्यांनी अर्ध्या दिवसाची रजा टाकली. कारणाच्या रकान्यात खासगी एवढंच लिहिलं. घरी येऊन पुन्हा दाढी केली, सदरा बदलला. बायकोने काही विचारलं नाही. फक्त इस्त्रीचा रुमाल काढून दिला, आणि मग थोडा विचार करून आणखी एक दिला.

“जाऊन येतो,” साहेब म्हणाले.

“या,” ती म्हणाली.

तळमजल्यावर वकील दारातच होते. कुठे निघालात एवढ्या उन्हाचे, त्यांनी विचारलं. साहेबांनी आयुष्यात प्रथमच त्यांना एक सल्ला देण्याची संधी दिली: कुठली बस लवकर पोचते, एवढंच विचारलं, आणि कुठे ते सांगितलं नाही. वकील त्या विवंचनेत मागे राहिले. रस्त्याच्या कोपऱ्यावर फोन वाजला. डॉक्टरीणबाईंचं नाव दिसलं. साहेब ते नाव विझेपर्यंत पाहत राहिले, मग त्यांनी फोन बंद करून आतल्या खिशात ठेवला, आणि थांब्याकडे चालू लागले. हातात काही नाही, तोंडावर काही नाही.